घरगुती ॲम्प्लिफायरला सॉफ्ट स्टार्ट कसा बसवावा

500 व्हीएचा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) आणि 10,000 मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर असलेला ॲम्प्लिफायर चालू केला, की घरातला दिवा क्षणभर मंदावतो, कधी एमसीबीच पडतो. बिघाड नसतो. रिकामे कपॅसिटर सुरुवातीला शॉर्टसारखे वागतात. त्यात मेन्सची लाट शून्यावर असताना बटण दाबलं गेलं तर ट्रान्सफॉर्मरचा गाभा सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने भरून जातो) आणि करंट अडवायला प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सकडच्या गुंडाळीच्या, तारेचे दोन-तीन ओहमच उरतात. 230 व्होल्टचं शिखर 325 व्होल्ट, म्हणजे करंट शंभर अँपिअरच्या घरात जाऊ शकतो.

नुसता एनटीसी थर्मिस्टर (तापला की रोध कमी होणारा रेझिस्टर) लावण्याचा सल्ला खानदेशात टिकत नाही. तो गार असतानाच अडवतो. लाईट जाऊन पाच सेकंदांत आली तर तो तापलेलाच असतो, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकला की बंद डब्यात निवायला आणखी वेळ लागतो. म्हणून रेझिस्टर आणि रिले: सुरुवातीला रेझिस्टर करंट अडवतो, मग क्षणात रिले (विजेने ओढला जाणारा स्विच) त्याला बगल देतो. हाच सॉफ्ट स्टार्ट.

आधी प्लग काढा आणि फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे करा. 100 ओहम, 10 वॉटचे दोन सिमेंट रेझिस्टर समांतर जोडा. झाले 50 ओहम. आता शिखर करंट साडेसहा अँपिअरच्या वर जात नाही. त्यांच्या सिरीजमध्ये 10 अँपिअर, 130 अंशांचा थर्मल फ्यूज घाला (राईस कुकरमध्ये असतो तसा) आणि रेझिस्टरला चिकटवून बांधा. सोल्डर करताना त्याची तार पक्कडीत धरा, नाहीतर तिथेच उडतो.

क्रम असा: फेज, 3.15 अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, स्विच, रेझिस्टर, प्रायमरी. रिलेचा नॉर्मली-ओपन संपर्क, किमान 250 व्होल्ट एसी 10 अँपिअरचा, रेझिस्टर आणि थर्मल फ्यूज या दोघांना मिळून समांतर.

रिलेचा पुरवठा ॲम्प्लिफायरच्या सेकंडरीवरून (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटकडच्या गुंडाळीवरून) कधीही घेऊ नका. आत शॉर्ट असेल तर तिथे व्होल्टेज चढतच नाही, रिले ओढत नाही, आणि रेझिस्टरवर हजार वॉट पडतात. तेव्हा करंट 4.6 अँपिअरच असतो, त्यामुळे स्लो-ब्लो फ्यूज बराच वेळ तग धरतो. स्विचनंतर लगेच 15 व्होल्ट, 500 मिलिअँपिअरचा वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर लावा. पुढे ब्रिज रेक्टिफायर, 220 मायक्रोफॅरड 35 व्होल्टचा कपॅसिटर, 7812 (12 व्होल्टचा रेग्युलेटर). मळ्यातल्या मोटारी सुरू होऊन व्होल्टेज 180 वर बसलं तरी 12 व्होल्टचा रिले ओढतो. 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर इथे कमी पडतो. 220 पेक्षा मोठा कपॅसिटर मात्र नको, लाईट गेल्यावर तो रिलेला धरून ठेवतो.

टायमर: 12 व्होल्टवरून 100 के (किलो-ओहम) रेझिस्टर, पुढे ग्राउंडला 22 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. त्यांच्या जोडावरून आयआरएफझेड44एन या मॉस्फेटचं गेट, ड्रेनवर रिले, कॉइलवर उलटा 1एन4007 डायोड. उशीर साधारण 0.4 ते 0.9 सेकंद. 100 के वर दुसरा 1एन4007, कॅथोड 12 व्होल्टकडे, आणि 12 व्होल्टवरून ग्राउंडला 1 के. लाईट जाताच टायमर रिकामा करायचं काम या दोघांचं, ते वगळू नका.

पहिल्यांदा मेन्सच्या सिरीजमध्ये 100 वॉटचा बल्ब घालून चालवा: बल्ब उजळून मंद झाला पाहिजे. मग थेट. रिलेचा टक आवाज किंचित उशिरा यावा. बंद करा, दोन आकडे मोजा, पुन्हा चालू करा. टक तेवढीच उशिरा आली पाहिजे. दोन्ही वेळी लगेच आली तर 100 के वरचा डायोड उलटा बसलाय. फक्त दुसऱ्यांदा लगेच आली तर त्याचा सांधा कच्चा आहे.