पाणबुडी पाण्यात सोडायच्या आधीच लीक पकडा

आरसी (रिमोटवर चालणाऱ्या मॉडेल) पाणबुडीचं सगळं इलेक्ट्रॉनिक्स ज्या वॉटरटाइट सिलिंडरमध्ये असतं तो कुठून गळतोय हे बहुतेक वेळा रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) भिजल्यावरच कळतं. त्यावर सोपा उपाय, मोठी सिरिंज.

१. सिलिंडरच्या एंडकॅपला (टोकाच्या झाकणाला) एक बारीक नळी कायमची बसवून ठेवा, टोकाला स्क्रू किंवा बूच. टेस्ट नसेल तेव्हा बंद.
२. सगळं फिट झालं की नळीला ६० मिलीची सिरिंज लावा, हवा आत ढकला आणि दट्ट्या तसाच दाबून धरा. आत दीड लिटर हवा असेल तर हा दाब साधारण ४० सेंमी खोल पाण्याइतका होतो, तेवढा पुरे.
३. आता सिलिंडर बादलीत बुडवून बघत बसा. सुरुवातीला बाहेर चिकटलेले बुडबुडे सुटतात त्यांना घाबरू नका, एकाच जागेवरून ओळीने यायला लागले की तिथेच लीक आहे.

माझ्याकडे बहुतेक वेळा प्रॉपेलर शाफ्टचं सील किंवा रडरच्या पुशरॉडचं (सुकाणू हलवणाऱ्या दांडीचं) रबरी बूट, म्हणजे तिच्यावरचं आवरण, गळकं निघतं, आणि एकदा तर ओ-रिंगवर (सांधा बंद करणाऱ्या रबरी कड्यावर) चक्क एक केस अडकलेला होता, दिसतही नव्हता नीट, तेवढ्यावरून अख्खी दुपार गेली! ओ-रिंग पुसून थोडंसं सिलिकॉन ग्रीस लावलं की काम झालं.

फक्त सायकल पंप किंवा कंप्रेसर लावू नका, आतून जास्त दाब आला की एंडकॅप उडते.