‘वी’ म्हणजे आम्ही की आपण?

एम.ए.ला अमेरिकन साहित्याचा पेपर घेतलेली दोन-चार मुलं दरवर्षी सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या घरी येतात. हातात गाईड, आणि गाईडमध्ये पानोपानी ‘अमेरिकन ड्रीम’, म्हणजे कष्ट केले की तिथं कुणीही वर येतो हे स्वप्न. मीही एके काळी प्रत्येक उत्तरात ते ड्रीम घातलं होतं. शंभरात एक्केचाळीस पडले.

तेव्हा गाईड ठेवा माळ्यावर आणि दोन स्केचपेनं घ्या, हिरवं आणि लाल. मजकुरात ‘वी’, ‘अवर’, ‘अस’ दिसलं की थांबायचं. याचं मराठी ‘आपण’ होईल की ‘आम्ही’? ‘आपण’ असेल तर हिरवं, ‘आम्ही’ असेल तर लाल. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, त्यामुळे कोण आत आणि कोण दाराबाहेर ते चटकन कळत नाही. आपल्याला ती सोय आईच्या भाषेतच मिळालीय.

गेल्या वर्षीचा एक मुलगा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होता. हे ऐकून म्हणाला, “बाई, आमचे मालक रोज करत्यात की हे. माल उतरताना ‘आपलंच दुकान हाय’, आणि दर पडला की ‘आम्ही तरी काय करणार?’” त्याला पुढं फार शिकवावं लागलं नाही.

सुरुवात अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यापासून करा, पण शेवटपर्यंत वाचा. सगळी माणसं समान, हे वाक्य सर्वांना पाठ असतं. खाली इंग्लंडच्या राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे, तिच्यात ‘अवर फ्रंटियर्स’ येतं आणि पाठोपाठ मूळ रहिवाशांना ‘निर्दय रानटी’ म्हटलंय. तिथं लाल पेन काढा.

अमेरिकन विचारवंत इमर्सनच्या १८३७च्या ‘द अमेरिकन स्कॉलर’ भाषणाला एक संध्याकाळ पुरे. युरोपचं फार ऐकलं, आता स्वतःचं बोला, एवढं धरून ठेवा.

फ्रेडरिक डग्लसला मात्र आठवडा द्या. ५ जुलै १८५२, रोचेस्टर. गुलामीतून पळून आलेला हा माणूस चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाचं भाषण करायला उभा आहे. श्रोत्यांना ‘सहनागरिकांनो’ म्हणतो, पण स्वातंत्र्य ‘तुमचं’, पूर्वज ‘तुमचे’. इथं तिसरा रंग घ्यावा लागतो. पेन्सिलीनं ‘युवर’ मोजत जा. “हा चार जुलै तुमचा आहे, माझा नाही” या वाक्यापर्यंत तो कसा चढत गेलाय ते हाताला कळेल. आणि तिथंच पुस्तक मिटू नका, बहुतेक जण मिटतात. पुढं तो संविधान मात्र सोडत नाही, ते स्वातंत्र्याचाच दस्तऐवज आहे म्हणून ठासून सांगतो. उत्सव नाकारणारा माणूस संविधानावर हक्क सांगतो, यावर दोन पानं लिहा.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं. पण शेजारचे म्हणून प्रत्येक उत्तरात फुले घुसडू नका. प्रश्न तुलनेचा असेल तरच.

शेवटी दोन कवी, व्हिटमन आणि कृष्णवर्णीय लँग्स्टन ह्यूज, एकाच बैठकीत वाचा. व्हिटमनच्या अमेरिकेत सुतार गातो, गवंडी गातो, नावाडी गातो. ह्यूजचा माणूस पाहुणे आले की स्वयंपाकघरात जेवायला धाडलेला. तो म्हणतो, मीसुद्धा गातो.

दिवाणजीनं ह्यूजचं पान कोरंच परत आणलं. “बाई, यात ‘वी’ कुठंच घावलं नाही.”

म्हटलं, मग उत्तराची पहिली ओळ तीच लिही.