पर्यावरण हॅकेथॉनमध्ये या चुका टाळा: सभागृहात चालणारे यंत्र विहिरीवर का फसते?

हॅकेथॉन म्हणजे ठरावीक तासांत संघाने एखादे यंत्र किंवा ॲप तयार करण्याची स्पर्धा. छत्तीस तासांच्या अशा स्पर्धेतील सर्वांत महाग चूक बहुधा पहिल्याच तासात होते: संघ ‘मराठवाड्यातील दुष्काळ’ हाच विषय घेऊन बसतो. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे सादरीकरणाच्या पहिल्या पानावर येते आणि पुढे पाऊस, पीक, टँकर, भूजल असे सारे एकाच ॲपमध्ये कोंबले जाते. विषयाची तळमळ खरी असते, पण काम हाती लागत नाही. त्यापेक्षा एका विहिरीची पाणीपातळी रोज सकाळी एका शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोहोचवणे, एवढेच ठरवावे. ते पूर्ण होते आणि पडताळूनही पाहता येते.

पातळी मोजण्यासाठी बहुतेक संघ एचसी-एसआर०४ हा स्वस्त अल्ट्रासोनिक, म्हणजे ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा, सेन्सर घेतात. बादलीवर तो अचूक आकडे देतो, मात्र त्याची मर्यादा सुमारे ४ मीटर आहे आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी त्याहून कितीतरी खाली गेलेले असते. शिवाय त्याचा ध्वनी पसरत जातो, त्यामुळे विहिरीच्या कड्यावरून किंवा मोटारीच्या पाइपवरून परतलेला प्रतिध्वनीही तो पाणी म्हणून नोंदवतो. तापमानाचाही विसर पडतो: हवेतील ध्वनीचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर असतो, म्हणजे ३ मीटर अंतरात जवळपास १० सेंटिमीटरची चूक होते. खोल विहिरीसाठी पाण्यात बुडवायचा दाब-सेन्सर घ्यावा. १० मीटर पाण्याचा दाब साधारण १ बार असतो, म्हणून हिशेबही सोपा राहतो. तो मिळाला नाही, तर विहिरीचा दावा न करता शेतातील हौद मोजावा.

जमिनीतील ओलावा मोजणाऱ्या संघांना काळी माती दगा देते. सुकताना ती आकसते, भेगा पडतात, सेन्सरभोवती हवेची पोकळी तयार होते आणि खाली ओल असतानाही आकडा कोरडा येतो. दोन उघड्या धातूच्या पट्ट्यांचा सेन्सर तर थोड्याच दिवसांत गंजतो, म्हणून धातू उघडा न ठेवता मातीच्या विद्युत गुणधर्मातील बदलावरून ओल ओळखणारा कपॅसिटिव्ह सेन्सर घ्यावा. त्याचे अंशांकन, म्हणजे आकड्यांचा प्रत्यक्ष ओलीशी मेळ घालणे, त्याच शेतातील मातीत करावे, आणि शेतकरी ज्या दिवशी ‘वाफसा आला’ (माती मशागतीजोगी ओलसर झाली) म्हणतो त्या दिवसाचा आकडा अवश्य टिपून ठेवावा. मला तो प्रयोगशाळेतील टक्केवारीपेक्षा अधिक उपयोगी वाटतो.

वाय-फाय सुरू करताच ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक बोर्डावरील सेन्सरचे वाचन बंद पडले, तर तार एडीसी२ च्या (वाय-फाय चालू असताना सेन्सर वाचू न शकणाऱ्या गटाच्या) पिनवर आहे का ते पाहावे. ती ३२ ते ३९ यांपैकी एका पिनवर हलवली की अडचण सुटते. एसएमएस पाठवताना सिम८००एल हे मोबाइल नेटवर्कशी जोडणारे मॉड्यूल पुन्हा पुन्हा बंद होत असेल, तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधण्याआधी वीजपुरवठा तपासावा, कारण त्या क्षणी त्याला २ अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो. हे मॉड्यूल केवळ टूजीवर चालते, म्हणून सिमही टूजी सेवा देणारेच हवे.

जायकवाडी जलाशयावरील पक्षी छायाचित्रांतून मोजणाऱ्या संघांची चूक निराळी आहे. एकाच सकाळी लागोपाठ काढलेली छायाचित्रे पक्षी ओळखणाऱ्या संगणकीय प्रारूपाच्या प्रशिक्षण आणि चाचणी अशा दोन्ही संचांत वाटली, तर ती जवळपास सारखीच असल्याने अचूकता फसवी वाढते. विभागणी दिवसानुसार करावी.

शेवटी पुन्हा विहिरीकडे वळतो, कारण एक प्रश्न विहिरीच्या मालकालाच विचारावा लागतो: मोटार कधी चालते? शेतीची वीज पाळीपाळीने येते, उपसा सुरू असताना पातळी उतरते आणि मोटार थांबल्यावर पाझराने पुन्हा चढते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत वेळ आणि मोटार चालू होती की बंद, हे साठवावे; अन्यथा उपशामुळे तात्पुरती उतरलेली पातळी यंत्र ‘विहीर आटत आहे’ म्हणून कळवील.