डिफरेन्शियलच्या ऑइलमध्ये धातूचे तुकडे? या चुका टाळा

मागच्या एक्सलमधल्या डिफरेन्शियलचं (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरसंचाचं) ऑइल बदलायला म्हणून ड्रेन प्लग काढावा आणि ट्रेमध्ये 'टक्' असा आवाज यावा, तेव्हा पोटात गोळा येतोच. पण त्यानंतरच्या तासाभरात माणूस जे करतो, त्यावर पुढचा खर्च ठरतो. कुणी चुंबकावरचा करडा लगदा बघूनच हाय खातो आणि चांगला एक्सल उतरवायला घेतो. कुणी हातात नखाएवढा टवका असताना 'एवढं तर येणारच' म्हणत नवीन ऑइल ओतून मोकळा होतो. माझ्या मते दुसरी चूक कितीतरी जास्त धोक्याची. पिनियनचं, म्हणजे प्रोपेलर शाफ्टने फिरणाऱ्या छोट्या गिअरचं, बेअरिंग जाम झालं तर चालत्या गाडीची मागची चाकं लॉक होऊ शकतात.

लगदा आणि टवका यांत गल्लत

ड्रेन प्लगच्या टोकाला बहुतेक वेळा चुंबक असतो. त्यावरची काळसर पेस्ट चिमटीत घ्या आणि अंगठ्याने बोटावर घासा. काजळासारखी सरकली, कुठेही खरखर लागली नाही, तर ती रोजची झीज आहे. क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियन यांचे दात हायपॉइड जातीचे असतात. ते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतात, त्यामुळे बारीक चूर निघणारच. नव्या गाडीच्या पहिल्या ऑइलमध्ये तो जास्त दिसतो. क्लचप्लेट असलेल्या लिमिटेड स्लिप (एकच चाक फुकट फिरू न देणाऱ्या) डिफरेन्शियलमध्येही जास्त दिसतो.

बोटाला टोचणारा, नखाने उचलता येणारा, उजेडात चमकणारा कण मात्र झिजेत मोजायचा नाही. कुठलातरी भाग तुटला किंवा सोलला गेला आहे.

पुरावा ट्रेमध्येच हरवणं

ट्रे आधी स्वच्छ पुसून घ्या. जुन्या कामातला कीस त्यात असेल तर नंतर काय कुठलं हे कुणालाच सांगता येत नाही. गाडी थोडी चालवून ऑइल कोमट असताना काढा, म्हणजे तळाचे कण सोबत येतात. आणि ड्रेन प्लगच्या आधी वरचा भरण्याचा प्लग सैल करून बघा. तो गंजून बसला असेल आणि ऑइल आधीच निघून गेलं असेल, तर गाडी जागेवर अडकते.

आता ते ऑइल पातळ सुती कापडातून गाळा, कापडावर उरलेलं ब्रेक क्लीनरने धुवा आणि पांढऱ्या कागदावर पसरा. कागदाखालून चुंबक फिरवा. जे हललं ते पोलाद. जे जागेवर राहिलं आणि पिवळसर चमकतं, ते बहुधा पितळ किंवा ब्राँझ, म्हणजे एखादा थ्रस्ट वॉशर (गिअरच्या पाठीमागची चकती) किंवा बेअरिंगचा पिंजरा (रोलर जागेवर धरणारी चौकट). नुसता प्लगचा चुंबक बघून निदान करणाऱ्यांच्या हातून हा पिवळा कण नेहमी निसटतो, कारण तो चुंबकाला चिकटतच नाही.

तुकड्याचा आकार न वाचणं

इथे घाई करू नका. उजेडात, जमल्यास भिंग घेऊन बघा.

माशाच्या खवल्यासारखे पातळ, चपटे, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खडबडीत कण असतील, तर ते बेअरिंगच्या वाटीवरून (बाहेरच्या कड्यावरून) किंवा रोलरवरून सोललेले असण्याची शक्यता मोठी. पत्र्याची वाकलेली पातळ पट्टी मिळाली तर बेअरिंगचा पिंजरा फुटला आहे. जाड, कोनदार तुकडा, ज्याचा एक पृष्ठभाग घासून चकचकीत आणि बाकीचा दाणेदार करडा, म्हणजे दात. तो दात कुणाचा हे वळणावरून कळतं: क्राउन आणि पिनियनचे दात तिरके, वळलेले असतात, तर वळताना दोन्ही चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या आतल्या स्टार गिअरचे आणि सन गिअरचे दात सरळ, आखूड आणि जाडजूड.

बोल्टचं डोकं सापडलं तर ते क्राउनचं आहे का, की स्टार गिअरची पिन धरून ठेवणाऱ्या लॉक बोल्टचं, हे लगेच तपासा. तो लॉक बोल्ट तुटला की पिन बाहेर सरकते आणि फिरताना पिनियनच्या दातांवर आदळते. ज्या एक्सलमध्ये चाकाचा शाफ्ट आतल्या सी-आकाराच्या क्लिपवर धरलेला असतो, तिथे ती क्लिपही याच पिनमुळे जागेवर राहते. क्लिप निघाली तर शाफ्ट चाकासकट बाहेर येऊ शकतो. अशी गाडी 'गॅरेजपर्यंत हळूहळू' चालवायची नाही, ओढूनही नाही. उचलूनच न्यायची.

आणखी एक जागा विसरली जाते ती चाकाच्या बेअरिंगची. अनेक पिकअपमध्ये मागच्या चाकांच्या बेअरिंगना हेच ऑइल पोहोचतं, म्हणून खवले तिथलेही असू शकतात. डिफरेन्शियलचं झाकण उघडल्यावर आत सगळं ठणठणीत दिसलं, तर दोन्ही एक्सल शाफ्ट काढून चाकाजवळ बघा.

आवाज वेगळा, तुकडा वेगळा

तुकडा एक सांगतो आणि आवाज दुसरंच, असं झालं की माणसं सोयीचं तेवढं धरतात. दोन्ही जुळले पाहिजेत. फक्त वळताना खटखट म्हणजे स्टार गिअरकडे संशय. अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर किंवा सोडल्यावर सुरात येणारी शिट्टी क्राउन-पिनियनच्या जुळणीकडे बोट दाखवते. वेगाबरोबर वाढणारी घरघर बेअरिंगची. गिअर टाकताना येणारा 'ठक्' मात्र प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचाही (सांध्याचाही) असतो, तो आधी हलवून बघा.

ठोका नियमित पडत असेल तर मोजा. समजा दातांची संख्या 41 आणि 11 आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात पिनियनचे 3.73 फेरे. टायरचा घेर 2.2 मीटर असेल तर ताशी 10 किलोमीटरला चाक मिनिटाला साधारण 76 वेळा फिरतं आणि पिनियन साधारण 283 वेळा. संथ, मोजता येणारा ठोका असेल तर क्राउनचा दात किंवा चाकाकडचं काही. जवळजवळ सलग कडकड असेल तर पिनियन.

सगळे तुकडे हाती येण्याआधी झाकण लावणं

हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. मी पाहिलेल्या एका पिकअपमध्ये स्टार गिअरचा एक दात तुटला होता. सापडलेले तीन तुकडे फुटक्या मडक्याच्या खापऱ्यांसारखे त्या दातावर जुळवले, तर एका कडेला करंगळीच्या नखाएवढी जागा रिकामी राहिली. हौसिंगमध्ये काही नव्हतं. शेवटी उजवा शाफ्ट काढून एक्सलच्या नळीत तारेला बांधलेला चुंबक सरकवला, तेव्हा सीलजवळच्या गाळातून तो चौथा तुकडा बाहेर आला. नवे गिअर बसवून गाडी तशीच दिली असती, तर एखाद्या उतारावर तो ऑइलबरोबर वाहत परत आला असता आणि नव्या दातांमध्ये सापडला असता.

म्हणून तुटलेल्या भागावर तुकडे जुळवून बघा. नळ्या धुवा, ब्रीदर (एक्सलमधली हवा बाहेर जाण्याची वाट) फुंकून साफ करा. आणि एकच भाग तुटला असला तरी सगळी बेअरिंगं तपासा, कारण ते कण त्यांच्यातून फिरून आलेले असतात. वाटीवर बारीक खळगे दिसले तर बेअरिंग बदलायचंच.

बसवतानाच्या चुका

क्राउन आणि पिनियन जोडीनेच बदलतात. एकाचा दात गेला म्हणून एकच बदलला तर गाडी गात राहणार. बेअरिंग दाबून धरणाऱ्या टोप्यांवर डावी-उजवी खूण उघडतानाच करा, त्यांची अदलाबदल चालत नाही. क्राउनचे बोल्ट काही एक्सलमध्ये उलट्या आट्याचे असतात, पाना लावण्याआधी बघून घ्या. पिनियनवरची दबणारी स्लीव्ह एकदाच वापरायची असते. जुनीच घातली की प्रीलोड (बेअरिंगवरचा ठरावीक दाब) नीट बसत नाही.

बॅकलॅश (क्राउन-पिनियनच्या दातांमधली मोकळी फट) अंदाजाने ठरवू नका, डायल गेज लावा. कित्येक पिकअपमध्ये तो 0.13 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास असतो, पण शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा. दातांना मार्किंग पेस्ट लावून ठसा दाताच्या मधोमध येतो का तेही बघा.

ऑइल बहुतेक ठिकाणी जीएल-5 दर्जाचं (जास्त दाब सोसणारं गिअर ऑइल) लागतं. लिमिटेड स्लिप असेल तर फ्रिक्शन मॉडिफायरही (क्लचप्लेटसाठी ऑइलमध्ये घालायचं रसायन) लागतो का ते तपासा. काढलेलं जुनं ऑइल दुधासारखं पांढुरकं होतं का? मग आत पाणी गेलं आहे. सील आणि ब्रीदर दुरुस्त केल्याशिवाय नवी बेअरिंगं टिकणार नाहीत.

नवी जोडी बसवल्यावर पहिले 25 ते 30 किलोमीटर गाडी हलक्या हाताने चालवा, मग पूर्ण थंड होऊ द्या. सुरुवातीला भार ओढू नका. साधारण 800 किलोमीटरला ऑइल काढा आणि पुन्हा तीच पेस्ट चिमटीत घ्या. नव्या दातांचा चूर भरपूर असेल, पण काजळासारखा सरकला पाहिजे. काही टोचलं, तर झाकण पुन्हा उघडायचं.