मीटर साडेसात मिलीवॉट दाखवतो, तरी डायोड ७५ वॉटचाच

रबाळे एमआयडीसीत आमच्या टेस्टिंगच्या टेबलावर गेल्या पावसाळ्यात एक नवा मुलगा आला. हातात ९०५ नॅनोमीटरचा पल्स्ड लेझर डायोड, म्हणजे सलग न पेटता क्षणभराच्या झोतांनी (पल्सनी) प्रकाश सोडणारा, अंतर मोजायच्या यंत्रात बसतो तो. डेटाशीटवर ७५ वॉट, मीटरवर साडेसात मिलीवॉट. "मॅडम, माल खराब आलाय," म्हणाला आणि मी वळेपर्यंत ड्रायव्हरचं, म्हणजे डायोडला करंट देणाऱ्या सर्किटचं, व्होल्टेज चढवूनही मोकळा झाला. आकडा थोडा वर गेला आणि एकदम एक मिलीवॉटच्या खाली आला. प्रकाश बाहेर पडतो ती डायोडची बारीकशी कड जळली होती. माल चांगलाच होता. गणित मी आधी शिकवायला हवं होतं, म्हणून आता पहिल्याच दिवशी शिकवते.

पल्स १०० नॅनोसेकंदांची, सेकंदाला १००० पल्स. म्हणजे पूर्ण सेकंदात डायोड चालू असतो जेमतेम ०.१ मिलिसेकंद. चालू असण्याचा हा वाटा म्हणजे ड्युटी: ०.०१ टक्के. ७५ वॉटचे ०.०१ टक्के काढा, साडेसात मिलीवॉटच येतात; मीटर दाखवतो ती ही सरासरी. उलट जायचं असेल तर सरासरी पॉवरला पल्सच्या दराने भागा: एका पल्सची ऊर्जा ७.५ मायक्रोज्यूल. तिला पल्सच्या रुंदीने, म्हणजे ती टिकते त्या वेळाने, भागलं की पीक, म्हणजे पल्समधली कमाल पॉवर. रुंदी अर्ध्या उंचीवर मोजायची.

करंटचंही तसंच. ड्रायव्हरमधला कपॅसिटर दोन पल्सच्या मधे सावकाश भरतो आणि क्षणात रिकामा होतो. डायोडमधून ३० अँपियर जातात, पण सरासरी फक्त ३ मिलीअँपियर. सप्लायवरचा आकडा बघून निर्धास्त होऊ नका.

आता कोण कशाने मरतं ते पक्कं लक्षात ठेवा. कड जळते ती पीकने, एका पल्समध्येसुद्धा. चिप तापते ती सरासरीने. दर १००० वरून १०,००० केला तर पीक तेवढाच राहतो, सरासरी ७५ मिलीवॉट होते आणि ड्युटी ०.१ टक्के, या जातीच्या बऱ्याच डायोडची मर्यादा तिथेच संपते.

सरासरी मोजायला मी थर्मल सेन्सर वापरते. फोटोडायोडवाला सेन्सर एवढ्या पीकला भरून जातो आणि आकडा कमी दाखवतो. थर्मलला वाऱ्याचा त्रास असतो, म्हणून मे महिन्यातसुद्धा टेबलावरचा पंखा बंद, सेन्सर झाकून शून्य केलेला, मगच रीडिंग.

पल्सचा आकार बघायला वेगवान फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारा स्कोप. इथे हमखास चूक होते: स्कोपचं इनपुट १ मेगाओमवरच राहतं. मीटरभर केबलचे साधारण १०० पिकोफॅरड त्याला जोडले की १०० नॅनोसेकंदांच्या पल्सला १०० मायक्रोसेकंदांची शेपटी फुटते, आणि त्या रुंदीने काढलेला पीक हजारपट कमी येतो. इनपुट ५० ओम करा, शेपटी गळून पडते.

आणि लेझरपासून डोळे वाचवणारा चष्मा. ९०५ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे पापणी मिटत नाही, पण प्रकाश थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. मीटरवर मिलीवॉट दिसतात म्हणून चष्मा कपाळावर सरकवलेला मला चालत नाही. काचेवर ९०५ची खूण आहे ना, ते वाचूनच घाला, आणि सप्लाय बंद झाल्यावर कपॅसिटर रिकामा होईपर्यंत काढू नका.