रस्ता आणि ट्रॅक, दोन्हींसाठी परफॉर्मन्स कार कशी पारखावी

शून्य ते शंभर किती सेकंदांत, हा प्रश्न परफॉर्मन्स कार घेताना सगळ्यात आधी विचारला जातो आणि निर्णयाला त्याचा उपयोग सगळ्यात कमी होतो. तो आकडा थंड ब्रेकवर, सरळ रेषेत, एकदाच मिळवलेला असतो. नाशिकच्या गाडीचं आयुष्य वेगळं असतं. रोज द्वारका किंवा मुंबई नाक्याची कोंडी, सुट्टीला सापुताऱ्याचा घाट आणि वर्षातून एखाद-दोन वेळा ट्रॅक. कोइमतूरचा कारी, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, हे सगळे इथून हजार किलोमीटरच्या पलीकडे आहेत. ट्रेलरवर न्यायची नसेल तर दिवसभर ट्रॅकवर ताणलेली गाडीच चालवत घरी आणायची असते. म्हणून पहिल्या फेरीत कोण पुढे, यापेक्षा दहाव्या फेरीनंतर कोण धड आहे, हे पाहून तुलना करायची.

उदाहरणासाठी तीन वेगवेगळ्या वजनगटांतल्या गाड्या घेऊ. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी (१.५ लिटर टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारं इंजिन; १५० पीएस ताकद, २५० न्यूटन-मीटर टॉर्क), २०२५ मध्ये आयात करून मोजक्या संख्येत आणलेली गोल्फ जीटीआय (२६५ पीएस, ३७० न्यूटन-मीटर) आणि बीएमडब्ल्यू एम३४०आय (३७४ पीएस, ५०० न्यूटन-मीटर, चारही चाकांना ताकद). किमतीत यांची तुलना होत नाही. पण पद्धत कळायला असा फरकच सोयीचा.

पायरी १: आधी स्वतःचे किलोमीटर लिहा

वर्षभरात शहरात किती, हायवेवर किती, घाटात किती आणि ट्रॅकवर किती, हे कागदावर मांडा. दहा हजारांत ट्रॅकचे तीनशे किलोमीटर असतील तर ते तीन टक्के झाले. त्या तीन टक्क्यांसाठी उरलेल्या सत्त्याण्णवात कंबर मोडून घेणारे बरेच आहेत. मात्र तीनशे किलोमीटर कमी वाटले तरी ब्रेक आणि टायर यांची झीज बहुतेक त्यातच होते. त्यामुळे सोयीचा हिशेब रस्त्याच्या किलोमीटरवर करा आणि खर्चाचा ट्रॅकच्या.

पायरी २: माहितीपत्रकातले आकडे वजनाशी भागा

पीएसला टनांनी भागा. व्हर्टस साधारण सव्वा टन, म्हणजे टनामागे १२० पीएस. जीटीआय १.४५ टनाच्या आसपास, म्हणजे १८३ च्या जवळ. एम३४०आय पावणेदोन टन, म्हणजे २१४. हा भागाकार सरळ पट्ट्यावरचा क्रम सांगतो, वळणावरचा नाही. कारीची फेरी जेमतेम दोन किलोमीटरची आणि वळणांनी भरलेली. तिथे हलकी गाडी जड गाडीला बराच वेळ सोडत नाही. बुद्धची फेरी ५.१२५ किलोमीटरची असून एक सरळ पट्टा किलोमीटरहून लांब आहे, तिथे ताकद उघड जिंकते. ‘ट्रॅकवर ही गाडी भारी’ असं कोणी म्हटलं की कुठल्या ट्रॅकवर, ते आधी विचारा.

नाशिकची उंची समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर. हवेचा दाब इथे चेन्नईपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळपास तेवढीच उतरते, टर्बो इंजिन ही घट बरीचशी भरून काढतं. टर्बो असलेली आणि नसलेली गाडी शेजारी ठेवून इथे टेस्ट ड्राइव्ह घेताना हे ध्यानात ठेवा.

पायरी ३: ब्रेक, आणि इथे घाई नको

ट्रॅकवर गाडी हरते ती बहुतेक वेळा ब्रेकमुळे. हिशेब सोपा आहे. वेग कमी करताना गाडीची गतिज ऊर्जा डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. ताशी १६० वरून ६० वर येताना सव्वा टनाची गाडी सुमारे १.०६ मेगाज्यूल उष्णता टाकते, पावणेदोन टनाची सुमारे १.४९. त्यात जास्त ताकदीची गाडी त्याच वळणाशी जास्त वेगाने पोहोचते. ती १९० ने आली तर आकडा २.१९ वर जातो, म्हणजे हलक्या गाडीच्या दुपटीवर. हे प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या वळणापाशी घडतं. म्हणून पीएस वाढले तर डिस्कचा व्यास, जाडी आणि हवेची वाट किती वाढली, हे विचारायचं.

शोरूममध्ये प्रत्यक्ष बघा. पुढची डिस्क व्हेंटिलेटेड, म्हणजे मधून पोकळ आहे का? मागे डिस्क आहे की ड्रम? व्हर्टस जीटी २०२२ मध्ये आली तेव्हा मागे ड्रमच होते. रस्त्यावर त्याने बिघडत नाही, कारण जोराच्या ब्रेकिंगमध्ये बहुतेक काम पुढची चाकं करतात. ट्रॅकवर मात्र पुढच्या पॅडवरचा (डिस्कला दाबून धरणाऱ्या पट्टीवरचा) भार वाढतो आणि ड्रममधली उष्णता लवकर निघत नाही.

ब्रेक दोन तऱ्हेने दगा देतात आणि दोन्हींचे उपाय वेगळे. पेडल कडक लागतंय, पूर्ण जोर लावूनही गाडी थांबत नाही, जळका वास येतोय, तर पॅड त्याच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलं. उपाय जास्त तापमानाचं पॅड. पेडल मऊ होऊन खाली जातंय, तर ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले आहेत, आणि वाफ दाबली जाते. इथे पॅड बदलून काही होणार नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ या श्रेणीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर १५५, डॉट ५.१ चा २६० आणि १८०. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस पाहता ट्रॅकला जाण्याआधी ऑइल बदलून ब्लीड करणं (नळ्यांतली हवा काढणं) हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळंच ऑइल असतं, नावावरून फसून ते मिसळू नका.

ट्रॅकची पॅड रोज वापरायचा मोह टाळा. थंड असताना ती नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात. कॉलेज रोडवर सकाळचा पहिला ब्रेक थंडच असतो.

पायरी ४: टायर सारखे नसतील तर तुलना रद्द

ताशी १०० वरून थांबायला ०.९ जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा त्वरण) पकडीवर जवळपास ४४ मीटर लागतात, १.१ जीला ३६. हा आठ मीटरचा फरक टायर बदलूनही पडू शकतो, गाडी तीच ठेवून. दोन गाड्यांचे वेळ समोर ठेवताना टायरचं मॉडेल, मापं आणि वय लिहून घ्या. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं जुन्या टायरच्या खाचा खोल दिसल्या तरी रबर कडक झालेलं असतं.

रस्त्यासाठी भिंतीची उंची मोजा. २२५/४० आर१८ ची भिंत ९० मिलिमीटर, २०५/५५ आर१६ ची सुमारे ११३. सिंहस्थाच्या कामांसाठी शहर खोदलेलं असताना हे तेवीस मिलिमीटर फार मोलाचे. कमी भिंतीचा टायर खड्ड्याच्या काठावर रिमशी चिमटला की आतले धागे तुटतात आणि फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, फेकावा लागतो. गाडीत स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, हेही बघा. फुटलेल्या भिंतीला किट काही करू शकत नाही.

ट्रेडवेअर (झिजण्याचा आकडा, कमी म्हणजे मऊ रबर) २०० चे चिकट टायर ट्रॅकवर छान, पण जून ते सप्टेंबर साचलेल्या पाण्यावर त्यांच्यातले बरेच लवकर तरंगतात. परवडत असेल तर रिमचा दुसरा संच ठेवावा.

पायरी ५: काय काय तापतं ते विचारा

पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा. व्हर्टस जीटीच्या डीएसजीत (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) कोरडे क्लच आहेत, जीटीआयच्या डीएसजीत ऑइलमध्ये बुडालेले. कसाऱ्यात ट्रकमागे चढावर इंच-इंच सरकताना कोरडा क्लच घासत राहतो आणि तापतो, गाडी धक्के देऊ लागते. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, ब्रेकवर थांबवा आणि जागा झाली की पुढे घ्या. एम३४०आयचा आठ गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑइलमधून ताकद देणारा ऑटोमॅटिक) अशा कोंडीत सर्वांत शांत राहतो, हे तिच्या बाजूने नोंदवा.

दुसरं, इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा भाग. नाशिकच्या एप्रिल-मेच्या चाळिशीत तो तापला की सिलिंडरमध्ये नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटणं) टाळण्यासाठी इंजिनचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद कमी होते. लागोपाठच्या फेऱ्यांत सरळ पट्ट्याच्या शेवटचा वेग उतरू लागला तर कारण बहुधा हेच. इंधनाच्या झाकणाच्या आत किमान ऑक्टेन (पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता) लिहिलेला असतो. ९५ लिहिलं असेल तर ९१ वर तुलना करू नका.

तिसरं, डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच. साध्या डिफरन्शियलच्या गाडीत वळणावर आतलं चाक फिरू लागलं की संगणक त्याला ब्रेक लावतो. रस्त्यावर ते चालतं, ट्रॅकवर त्याच तापलेल्या पुढच्या ब्रेकला आणखी काम लागतं. जीटीआयमध्ये पुढच्या ॲक्सलला लॉक होणारं डिफरन्शियल आहे. किमतीतल्या फरकाचा खरा भाग असल्या ठिकाणी असतो, सीटवरच्या लाल टाक्यांत नाही.

पायरी ६: टेस्ट ड्राइव्ह नाशिकच्या रस्त्यावर घ्या

शोरूमवाला गुळगुळीत रस्त्यावर नेईल. तुम्ही सोबत तीन माणसं न्या. ग्राउंड क्लिअरन्सचा छापील आकडा रिकाम्या गाडीचा असतो, चौघे बसल्यावर काय राहतं ते सोसायटीच्या गेटजवळच्या गतिरोधकावर कळेल. मग एकटे चालवून तुटक्या डांबरावर ताशी ४० ने एक हलकं वळण घ्या. स्टिअरिंग हातात उडतंय का, मागचा ॲक्सल बाजूला सरकतोय का, ते बघा. तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० किती सेकंदांत होतं, ते शेजारच्याला मीटरचा व्हिडिओ घ्यायला सांगून मोजा. ओव्हरटेकसाठी हाच आकडा कामाचा. रस्ता मोकळा हवा आणि वेगमर्यादेत. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे.

हेल्मेट बरोबर न्या आणि घालून बसा. सनरूफच्या गाडीत छत खाली येतं, उंच माणसाचं हेल्मेट टेकतं. ट्रॅकवर मान वाकडी करून चालवता येत नाही, आणि हे गाडी घेतल्यावर कळून उपयोग नाही.

पायरी ७: ट्रॅकवर तुलना

एकच दिवस, एकच चालक, टाकीत सारखं पेट्रोल. वेळ दहा हर्ट्‌झच्या जीपीएस लॉगरने, म्हणजे सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवणाऱ्या यंत्राने घ्या. फोन बहुधा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो, म्हणजे ताशी १०० ला दर अठ्ठावीस मीटरनी. एक फेरी टायर तापवायला, मग सहा ते आठ फेऱ्या सलग. सर्वांत वेगवान फेरी बाजूला ठेवा आणि दुसऱ्या फेरीची वेळ शेवटच्या फेरीशी ताडून बघा. दीड मिनिटाच्या फेरीत एखाद्या सेकंदाचा फरक ठीक. तीन सेकंद पडले तर कुठे पडले ते लॉगमध्ये शोधा: ब्रेकचा बिंदू मागे आला, वळणातला वेग घटला, की पट्ट्याच्या शेवटचा वेग उतरला. ब्रेक, टायर आणि इंजिन, याच क्रमाने ही उत्तरं आहेत. शेवटची फेरी सावकाश मारा आणि पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढू नका, चाकाला उटी (दगड किंवा ठोकळा) लावा.

पायरी ८: कागद

सर्वसाधारण मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, म्हणून ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून असं धरून चला. आरसीतल्या नोंदीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतात. सायलेन्सर बदललेली जुनी गाडी घेत असाल तर मूळ सायलेन्सर मागून घ्या. अशा जुन्या गाडीच्या डिस्कच्या काठावर नखाला लागेल अशी कड आणि निळसर झाक असेल, तर ब्रेक फार तापलेले आहेत, बहुधा ट्रॅकवर, विक्रेता काहीही म्हणो.

पायरी ९: परतीचा प्रवास

पॅड नवीन असताना दहा-बारा मिलिमीटर असतं. पाचच्या खाली असेल तर ट्रॅकवर उतरू नका, तीनला बदला. सुट्या पॅडचा संच डिकीत हवाच. ट्रॅकवर तापलेल्या टायरचा दाब ३३ वरून ३९ पीएसआयवर जातो आणि आपण हवा सोडून तो ३५ वर आणतो. तोच टायर दुसऱ्या सकाळी थंड होऊन २९ वर आलेला असतो. हायवेला लागण्याआधी दारावरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. चाकांचे बोल्ट पूर्ण थंड झाल्यावर टॉर्क पान्याने तपासा, गोल्फला १२० न्यूटन-मीटर, बीएमडब्ल्यूला १४०. ब्रेक पेडल आदल्या दिवशी मऊ झालं असेल तर सकाळी कडक लागलं तरी फसू नका. वाफ थंड होऊन विरते, पण ते ऑइल पुन्हा लवकर उकळेल. ते तिथेच बदलून निघा, कारण घरी पोहोचण्याआधी कुठलातरी घाट उतरायचा असतोच.