क्लबची साप्ताहिक मीटिंग कशी चालवावी आणि हाती घेतलेलं काम शेवटपर्यंत कसं न्यावं

1 जुलैला रोटरीचं, म्हणजे समाजसेवा करणाऱ्या क्लबांच्या जागतिक संघटनेचं, वर्ष बदलतं. नवे अध्यक्ष, नवे सेक्रेटरी आणि पदग्रहणाच्या कार्यक्रमात वाचून दाखवलेली प्रकल्पांची लांबलचक यादी. त्यातलं पुढच्या जूनपर्यंत किती उभं राहील, हे क्लबची आठवड्याची मीटिंग कशी चालते त्यावरून बरंचसं सांगता येतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं मेडिकलचं दुकान आहे. आमच्या क्लबची मी आधी सेक्रेटरी होते, मग अध्यक्ष झाले. लहान गावातल्या, तीस-पस्तीस सभासदांच्या क्लबमध्ये ज्यांनी नुकतंच पद घेतलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

वार ठरवताना आठवडी बाजाराचा दिवस आधी वगळा. क्लबात दुकानदार असतातच आणि बाजाराच्या संध्याकाळी त्यांना गल्ल्यावरून उठता येत नाही. डॉक्टरांची ओपीडी आणि क्लासवाल्यांची शेवटची बॅच सुटण्याची वेळही विचारून घ्या. आमच्याकडे रात्री साडेआठ ते साडेनऊ ही वेळ सगळ्यांना जमते. दर वेळी हॉटेलात जेवण ठेवू नका. त्याने वर्गणी वाढते आणि तरुण शिक्षक, छोटे व्यावसायिक हळूहळू यायचे थांबतात. चहा आणि गरम कांदाभजी पुरे. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये वीज जाणार हे धरूनच इन्व्हर्टर असलेला हॉल बघा. पावसामुळे मीटिंग रद्द करायची सवय पहिल्याच महिन्यात लागली, तर ती वर्षभर जात नाही.

2016 साली रोटरीने नियम सैल केला. आता महिन्यातून किमान दोन मीटिंगा घेतल्या तरी चालतं. मोठ्या शहरांतल्या अंतरांमुळे ती सवलत मला समजते. पण लहान गावात आठवड्याची मीटिंग सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आजीची आठव्या दिवसाची तपासणी राहून गेली, तर पंधराव्या दिवशी विचारून काय उपयोग?

घंटा ठरलेल्या मिनिटालाच वाजवा, समोर सहाच माणसं असली तरी. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलात, की वेळेवर येणारे पुढच्या आठवड्यापासून उशिरा येतात. राष्ट्रगीत, वाढदिवस, हॅपी बॉक्स (आनंदाची बातमी सांगून ज्यात पैसे टाकतात ती पेटी) हे सगळं दहा मिनिटांत उरकतं. सेक्रेटरीच्या सूचनांना पाच मिनिटं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेलं पुन्हा वाचून दाखवू नका. त्यानंतर पाहुण्यांच्या भाषणाआधी पंधरा मिनिटं चालू कामांच्या आढाव्याला ठेवा. बऱ्याच क्लबांत हाच भाग शेवटी ढकलला जातो आणि वेळ संपली म्हणून वगळला जातो. खरी मीटिंग ही पंधरा मिनिटंच असतात.

आढाव्यासाठी एक साधी वही ठेवा. प्रत्येक कामाला एक पान. पानावर तीन गोष्टी: आता काय बाकी आहे, ते कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. दर आठवड्याला त्या माणसाने उभं राहून दोन वाक्यांत सांगायचं. कार्यक्रम झाला, पेपरात फोटो आला, तरी पान बंद होत नाही. ‘काय बाकी आहे’ या रकान्यात काही उरलं नाही, तेव्हाच ते बंद करायचं. हर्बर्ट टेलर यांनी 1932 साली लिहिलेली चार प्रश्नांची चतुःसूत्री आपण मीटिंगमध्ये म्हणतो. तिचा पहिला प्रश्न आहे, हे सत्य आहे का? तो या वहीला लावा. शिबिरात नावं दीडशे लिहिली, तपासणी नव्वद जणांची झाली आणि चष्मे चाळीस दिले गेले, तर अहवालात तिन्ही आकडे वेगवेगळे लिहावेत. ‘दीडशे लाभार्थी’ असं लिहू नये.

पाहुण्यांना वीस मिनिटं आणि प्रश्नांना दहा. वक्ता मुंबई-पुण्याहूनच आणायला हवा असं नाही. आमच्याकडे सर्वांत जास्त प्रश्न आले ते महावितरणच्या लाइनमनना. वादळात तुटलेल्या तारेजवळ काय करायचं, हे त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. 108 रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, सर्पमित्र, तलाठी, पाण्याचे नमुने तपासणाऱ्या मॅडम, आशाताई यांना बोलवा. आठ दिवस आधी फोन करा, आदल्या दिवशी आठवण द्या, गाडी पाठवा. शाल-श्रीफळाऐवजी एखादं चांगलं पुस्तक द्या. आणि पुढच्या महिन्यात जे काम करायचंय, त्यातलाच माणूस या महिन्यात वक्ता म्हणून आणा. मग भाषण संपतानाच कामाची आखणी सुरू होते.

दोन महिन्यांतून एकदा मीटिंग एखाद्या सभासदाच्या कामाच्या जागी घ्या. 1905 साली शिकागोत रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस यांच्यासह जे पहिले चौघे जमले, त्यांत एक वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपीकाम करवून घेणारा व्यापारी होता, आणि ते आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटायचे. आमची अशी एक मीटिंग काजू फॅक्टरीत झाली. तिथल्या बायका दिवसभर बसून काम करतात हे डोळ्यांनी बघितलं आणि पाठदुखी-डोळे तपासणीचं शिबिर हॉलऐवजी तिथेच घ्यायचं ठरलं.

आता कामांविषयी. काम निवडताना आपल्याला काय द्यायचंय ते बाजूला ठेवा. आशाताई, मुख्याध्यापक, ग्रामसेवक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर या चौघांना विचारा. आणि ‘हो’ म्हणण्याआधी एक प्रश्न विचाराच: वर्षाने याची देखभाल कोण करणार? शाळेत पाणी शुद्धीकरणाचं यंत्र बसवणं सोपं आहे. त्याचा फिल्टर कोण बदलणार, वीजबिल कोण भरणार, हे कागदावर ठरलं नसेल तर त्या यंत्राच्या उद्घाटनाला जाऊ नये.

रक्तदान शिबिर सगळेच क्लब घेतात, म्हणून त्याच्याविषयी थोडं सविस्तर. आधी रक्तपेढीला विचारा, तुम्हाला रक्त कधी कमी पडतं? उत्तर बहुधा एप्रिल-मे किंवा दिवाळीची सुट्टी असं येईल, कारण तेव्हा कॉलेजं बंद असतात. सगळ्यांची शिबिरं 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला झाली, तर पेढीत एकदम पूर येतो. तांबड्या पेशी पिशवीतल्या द्रावणानुसार 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. मे महिन्यात शिबिर घ्या, पण सकाळी आठ ते अकरा, तळमजल्यावर, पंख्याखाली. दात्यांना नाश्ता करूनच यायला सांगा. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांसाठी तीन, स्त्रियांसाठी चार महिने झालेले असावेत, हे पत्रकावरच छापा. महागड्या भेटवस्तूंचं आमिष दाखवू नका. भेटीच्या लोभाने माणूस आजार लपवतो, आणि ते रक्त कुणाच्या तरी शरीरात जाणार असतं.

हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवल्या जाणाऱ्यांत बायका पुष्कळ असतात. त्यांना नुसतं ‘चालणार नाही’ म्हणून दारातून घालवू नका. बाजूला एक टेबल ठेवा. तिथे क्लबातल्या डॉक्टर किंवा नर्स महिलेने त्यांच्याशी एकटीशी बोलावं, परवानगी घेऊन नाव-नंबर लिहावा आणि आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवावं. तीन महिन्यांनी फोन करावा. माझ्या मते शिबिराचं अर्धं काम त्या टेबलावर होतं. वहीत त्याचं पान वेगळं ठेवा.

मोतीबिंदूच्या शिबिरात गावात फक्त तपासणी करायची. ऑपरेशन हॉस्पिटलच्या थिएटरमध्येच व्हायला हवं, शाळेच्या वर्गात कधीही नाही. गावातल्या तपासणीतच साखर आणि रक्तदाब बघून घ्या, नाहीतर म्हातारं माणूस जिल्ह्याच्या गावी जाऊन साखर वाढली म्हणून परत येतं आणि पुन्हा जायला तयार होत नाही. सोबत घरचं एक माणूस असेल, याची खात्री करा. ऑपरेशननंतर काही आठवडे डोळ्यांत थेंब घालायचे असतात. बाटल्या दोन असतील तर दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना ‘लाल दिवसातून चार वेळा’ हे लक्षात राहतं. किती वेळा ते मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच. प्रत्येक सभासदाकडे तीन-चार पेशंट वाटून द्या. “काकी, थेंब घातलेत का? डोळा लाल नाही ना?” एवढंच रोज संध्याकाळी फोनवर विचारायचं. दुखतंय, लाल झालाय, दिसायला कमी झालंय, यांपैकी काहीही ऐकलं तर मीटिंगची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटलला पाठवा. शेवटच्या पेशंटची शेवटची तपासणी झाली की पान बंद.

तिसरं माझ्या आवडीचं काम म्हणजे वनराई बंधारा, ओहोळावर गोणींचा घातलेला तात्पुरता बांध. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, ओहोळाला बारीक धार असतानाच तो घालायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोणी क्लबातल्या बांधकामवाल्यांकडून फुकट मिळतात. त्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे चुकवत थर रचायचे, मधल्या फटींत चिकणमाती. जादा पाणी वरून सुरक्षित जाईल अशी जागा मध्यभागी ठेवा. ग्रामपंचायत आणि कृषी सहायक यांच्याशी आधी बोला. जागा मात्र गावातल्या बायकांना विचारून ठरवा. कपडे कुठे धुतात, गुरं कुठे पाणी पितात, विहिरी कुठल्या अंगाला आहेत हे त्यांना बरोबर माहीत असतं. सभासदांनी नुसतं फावडं हातात धरून फोटो काढू नये, गोणी उचलाव्यात. आणि मे महिन्यात परत जाऊन फाटलेल्या गोणी गोळा कराव्यात. पहिल्या पावसात त्या वाहून खाडीत गेल्या, तर आपणच कचरा केला असं होतं.

पैशांचं थोडक्यात: वर्गणीचं खातं आणि प्रकल्पांचं खातं वेगळं ठेवा. जेवणाचं बिल देणगीतून कधीही जाऊ देऊ नका. ट्रस्टला 80 जीची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता असली तरी 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही, म्हणून देणगी चेकने किंवा ऑनलाइन घ्या. प्रत्येक कामाचा हिशेब ते पान बंद होताना मीटिंगमध्ये वाचून दाखवा.

नव्या अध्यक्षांना एक कळकळीची विनंती. आपल्या वर्षात आपल्या नावाचं काहीतरी नवं व्हावं, असं वाटणं स्वाभाविक आहे. तरी यादीतली निदान निम्मी कामं मागच्या वर्षाची ठेवा. रोटरीने पोलिओविरुद्धचा कार्यक्रम 1985 साली हाती घेतला. भारतातला शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी सापडला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश आग्नेय आशिया विभागासह पोलिओमुक्त जाहीर झाला. तेवढ्या काळात क्लबांचे अध्यक्ष दर जुलैला बदलत राहिले. आशाताई, अंगणवाडी सेविका, सरकारी डॉक्टर यांच्या बरोबरीने सभासद बूथवर बसत राहिले.

नवा सभासद घेताना आधी दोन-तीन मीटिंगांना पाहुणा म्हणून बोलवा आणि पिन लावण्याआधी एखाद्या कामात सामील करून घ्या. लागोपाठ दोन मीटिंगा न आलेल्या सभासदाला अध्यक्षांनी स्वतः फोन करावा, हजेरीसाठी नव्हे, घरी सगळं ठीक आहे ना हे विचारायला. आमच्याकडे अशाच एका फोनमुळे एका सभासदाच्या वडिलांसाठी रक्ताची गरज असल्याचं कळलं.

जूनच्या शेवटच्या मीटिंगला जुने आणि नवे सेक्रेटरी शेजारी बसतील असं बघा. वहीतली जी पानं अजून बंद झालेली नाहीत, ती एकेक करून मोठ्याने वाचा, प्रत्येक पानावर नव्या वर्षाच्या सभासदाचं नाव आणि तारीख लिहा आणि दोन्ही सेक्रेटरींच्या सह्या घ्या. जुलैच्या पहिल्या मीटिंगचा आढावा त्याच पानांपासून सुरू करा.